रिकीमामाची गोष्ट

या गाण्याशी माझी ओळख उलट्या बाजूने झाली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी गॅदरिंगच्या रात्री डीजेने माँटेल जॉर्डनचं ‘धिस इज हाऊ वी डू इट’ लावलं होतं, आणि अख्खं मेकॅनिकल डिपार्टमेंट, ज्यांना इंग्रजी गाण्यातला एक शब्द कळत नव्हता तेसुद्धा, वेड्यासारखं नाचलं होतं. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, वर्क फ्रॉम होमच्या दिवसांत, कोड लिहिता लिहिता कानात ॲप आपल्या मनाने गाणी लावत होतं. अचानक तीच बेसलाइन आली. तोच ठेका, तीच चाल. पण वर कुणी गात नव्हतं. एक माणूस शांतपणे, किंचित नाकातून, ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत लहान मुलांना गोष्ट सांगत होता. मला वाटलं, कुणीतरी माँटेल जॉर्डनची चाल ढापलीय. मग साल बघितलं. माँटेल जॉर्डनचं गाणं १९९५चं. हे १९८८चं.

स्लिक रिकचं ‘चिल्ड्रन्स स्टोरी’. हिप हॉपमध्ये ‘गोष्ट सांगणारी गाणी’ म्हणून जो एक मोठा प्रवाह आहे, त्याच्या उगमाशी जी दोन-चार गाणी ठेवावी लागतात त्यातलं हे एक. गेल्या तीन वर्षांत मी ते किती वेळा ऐकलं असेल याचा हिशोब नाही. तरी त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्या कानावरून नुसती जात होती. ती कशी सापडली ते पुढे सांगतो.

आधी माणूस. रिकी वॉल्टर्स १९६५ साली लंडनमध्ये जन्मला, आईवडील जमैकाचे. तान्हा असताना काच लागून त्याचा उजवा डोळा गेला. पुढे त्या डोळ्यावरची पट्टी हीच त्याची ओळख झाली. १९७६ मध्ये, तो अकरा वर्षांचा असताना, कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये आलं. तारीख बघा: हिप हॉप त्याच ब्राँक्समध्ये नुकतं रांगायला लागलं होतं, आणि ज्याच्या पार्ट्यांपासून त्याची सुरुवात मोजतात तो डीजे कूल हर्कसुद्धा जमैकाहूनच आलेला. सगळ्या वस्तीत वेगळे उच्चार असलेला, एका डोळ्याचा मुलगा. अशा मुलाला दोनच मार्ग असतात, गप्प बसणं किंवा असं बोलणं की बाकीचे गप्प बसतील. रिकने दुसरा धरला. १९८५ मध्ये डग ई. फ्रेशबरोबर ‘द शो’ नावाची रेकॉर्ड आली. तिच्या मागच्या बाजूला ‘ला डी डा डी’ होतं. त्यात वाद्य एकही नाही. डग तोंडाने ताल धरतो आणि रिक एक चावट गोष्ट सांगतो, त्यातल्या आईचा आणि मुलीचा आवाजही स्वतःच काढतो. तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

रॅपमध्ये गोष्ट त्याआधी नव्हती असं नाही. १९८२च्या ‘द मेसेज’च्या शेवटच्या कडव्यात एका मुलाचा जन्मापासून तुरुंगातल्या मरणापर्यंतचा प्रवास आहे. पण ‘द मेसेज’मधला माणूस रस्त्यावर उभा राहून आपल्या अंगावर ओरडतो. १९८८ मध्ये डेफ जॅम कंपनीने रिकचा पहिला अल्बम काढला, ‘द ग्रेट ॲडव्हेंचर्स ऑफ स्लिक रिक’. त्यातल्या ‘चिल्ड्रन्स स्टोरी’मधला माणूस मुलांच्या उशाशी बसलेला आहे. मुलं म्हणतात, झोपताना गोष्ट वाचून दाखव ना. तो म्हणतो, पांघरूण घ्या, मी पुस्तक आणतो. आणि मग सुरू होतं.

खाली जी बेस चालते ती जॅझ पियानिस्ट बॉब जेम्सच्या १९७४च्या ‘नॉटिलस’मधली. पाण्याखालून चालल्यासारखी, जरा भीतीदायक. त्यावर रिक अंगाईच्या लयीत बोलतो. यमकं अगदी बालगीतासारखी, जोडीजोडीने. गोष्ट मात्र अशी:

एक लहान मुलगा असतो. दुसरा एक मुलगा त्याला फूस लावतो, चल, म्हाताऱ्यांना लुटू. पैसा सहज मिळतो. दोघांतल्या एकाला थांबता येत नाही. एकाला लुटतो, मग दुसऱ्याला, मग बहीण-भावाला, आणि मग ज्याच्यावर हात टाकतो तो साध्या वेषातला पोलीस निघतो. पोलीस त्याच्या पोटात गुद्दा मारतो, थोबाडीत देतो. मुलगा बंदूक काढतो. काढतो, पण मनात विचार करतो की चाप ओढला तर किती वर्षं आत जावं लागेल, आणि पळत सुटतो. एक पोलीस बाई मागे लागते, गोळ्या सुटतात, कुणाला लागत नाहीत. एक म्हातारा धक्क्याने पडतो. मुलगा एका पडक्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जातो, तिथे डेव्ह नावाचा गर्दुल्ला बसलेला असतो, ज्याला साबण म्हणजे काय ते ठाऊक नाही. (इथे सगळे हसतात. मीही दर वेळी हसतो.) डेव्ह त्याला शॉटगन देतो. मग चोरीची शेवरोले नोव्हा, ताशी ८३ मैल, विद्यापीठाजवळच्या झाडावर धडक. मुलगा जिवंत बाहेर येतो, गोळ्या संपतात, तो एका गरोदर बाईला धरतो, तिच्या डोक्याला पिस्तूल लावतो. मग आपण चुकतोय हे त्याला आतून कळतं आणि तो तिला सोडून देतो. पोलीस घेरतात. शेवट होतो. तो सतराच वर्षांचा होता, असं मामा सांगतो, आणि बजावतो की हसायचं नाही, वाईट मार्गाला लागलं की असं होतं. गुड नाइट.

मामा म्हणालो. खरं तर तिथेच मी पहिल्यांदा अडकलो. ऑफिसमधला एक मित्र, ठाणे-वाशी लोकलला रोज बरोबर असतो, त्याचं ठाम मत की रॅप म्हणजे नुसती बडबड. मी पैजेवर म्हटलं, एक गाणं मराठीत लिहून देतो, मग बोल. इंग्रजीत ‘अंकल रिकी’ म्हटलं की काम भागतं. मराठीत ठरवावं लागतं, तो मुलांच्या आईचा भाऊ की बापाचा? मी मामा केला. सुट्टीत झोपताना गोष्टी सांगणारा, थोडा उनाड, आईबाप सांगणार नाहीत ते सांगणारा मामाच असतो. सुरुवातीला ‘आटपाट नगर होतं’ लिहून पाहिलं. पण रिक परीकथेची नेहमीची सुरुवात करून त्याच दमात सांगतो की ही फार जुनी गोष्ट नाहीये. आटपाट नगराला तसं करता येत नाही, ते कायमचंच जुनं आहे. तो भाग अजून जमलेला नाही.

एकेक वाक्य उतरवत शेवटाकडे आलो तेव्हा गाडी ऐरोलीच्या पुढे गेली होती. फोनवर लिहिलं: मुलगा बंदूक खाली टाकतो. पुढचं वाक्य लिहिलं: पोलीस त्याला गोळी घालतात. आणि थांबलो. गाणं परत मागे नेलं. तसंच होतं. आधी त्याने बंदूक टाकली. मग त्याला मारलं.

शेकडो वेळा ऐकून मला हे कळलं नव्हतं, कारण या दोन वाक्यांच्या मध्ये रिक दोन-तीन ओळी घालतो. मामा मुलांना म्हणतो की आता मला ही गोष्ट अशीच संपवावी लागणार. मग मुलाचं वय सांगतो. कान तिकडे जातो आणि क्रम हातून निसटतो. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सबंध गोष्टीत या मुलाने हातात बंदूक असूनही दोनदा माघार घेतलीय, एकदा पोलिसासमोर, एकदा त्या बाईला सोडताना. गाणं ज्याच्या मरणाची खात्री देतं असा माणूस एकच आहे, तो स्वतः. आणि तो मरतो तेव्हा त्याचे हात रिकामे आहेत. मुलांना सांगायचं तात्पर्य मामा नीट सांगतो: वाकड्या वाटेने जाऊ नका. पण त्याने सांगितलेली हकीकत त्या तात्पर्यात मावत नाही.

अजून एक गोष्ट. गोळी घातल्यावर मामा म्हणतो की त्याची किंकाळी आपल्याला अजून ऐकू येते. अरे, तू पुस्तकातून वाचत होतास ना? पुस्तक आणायला गेला होतास. मग किंकाळी कुठून ऐकलीस? त्या एका वाक्यात उशाशी बसलेला गोष्टीवाला नाहीसा होतो आणि त्या जागी घटना डोळ्यांनी पाहिलेला माणूस बसलेला दिसतो. लगेच तो स्वतःला सावरतो, हसू नका म्हणतो, गुड नाइट म्हणतो. मला विचाराल तर गाण्याचा सगळा जीव या दोन सेकंदांत आहे.

१९८८च्या न्यूयॉर्कमध्ये हे ऐकणाऱ्याला फार समजावून सांगावं लागलं नसेल. क्रॅक कोकेनचे दिवस होते. १९८४ मध्ये ब्राँक्समध्ये एलेनॉर बंपर्स या ६६ वर्षांच्या बाईला, घरभाडं थकलं म्हणून बाहेर काढायला आलेल्या पोलिसांनी तिच्याच घरात गोळ्या घातल्या होत्या. १२ जून १९८५ च्या रात्री मॉर्निंगसाइड पार्कजवळ साध्या वेषातल्या एका पोलिसाच्या गोळीने एडमंड पेरी गेला. हार्लेमचा मुलगा, एक्झिटरच्या नामांकित शाळेतून नुकताच बाहेर पडलेला, स्टॅनफर्डला प्रवेश मिळालेला. पोलिसाचं म्हणणं की दोन मुलांनी लुटायला हल्ला केला. ग्रँड ज्युरीने पोलिसावर आरोप ठेवला नाही. एडमंडच्या भावावर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. एडमंड सतरा वर्षांचा होता. जागा कोलंबिया विद्यापीठाच्या शेजारची. रिकचं गाणं या घटनेवरच आहे असं मी म्हणत नाही. पण साध्या वेषातला पोलीस, विद्यापीठ, सतरा वर्षांचा मुलगा, हे शब्द एकत्र आले की त्या शहरातल्या माणसाला काय आठवत असेल याचा अंदाज करता येतो.

यानंतर जे झालं ते एखाद्या पटकथेत लिहिलं असतं तर फार जुळवून आणलंय म्हणून कापलं गेलं असतं. जुलै १९९० मध्ये रिकने ब्राँक्समध्ये स्वतःच्या गाडीतून आपल्या नात्यातल्या एका भावावर गोळ्या झाडल्या. हा भाऊ आधी त्याचा अंगरक्षक होता, पुढे दोघांचं बिनसलं. भावाला गोळी लागली, रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाच्या पायालाही लागली. दोघंही वाचले. पोलिसांनी पाठलाग केला, रिकची गाडी धडकली, तो पकडला गेला. जिवंत. हत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा त्याने कबूल केला. जामिनावर असताना घाईघाईत दुसरा अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि सुमारे पाच वर्षं तुरुंगात काढली. या भागात त्याची बाजू घेण्यासारखं काही नाही. रस्त्याने चाललेल्या त्या माणसाने कुणाचं काय केलं होतं?

तर १९९५. रिक तुरुंगात आहे. त्याच डेफ जॅम कंपनीतून माँटेल जॉर्डन नावाच्या नव्या गायकाचं गाणं येतं, खाली ‘चिल्ड्रन्स स्टोरी’चा ठेका, आणि बिलबोर्ड हॉट १०० वर सात आठवडे पहिल्या क्रमांकावर बसतं. माँटेलने नुसती चाल घेतली नाही. मधल्या एका कडव्यात तो रिकची परीकथेची सुरुवातसुद्धा घेतो, फक्त गोष्ट स्वतःची सांगतो: खिशात पैसे नव्हते, आता आहेत. गीतकारांत रिकी वॉल्टर्स हे नाव आहे, म्हणजे व्यवहार चोख. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे दुसऱ्याचं घेऊन त्यावर आपलं चढवणं मला चोरी वाटत नाही. आमचा निम्मा धंदा त्यावर चालतो. पण कॉपी करताना कुठल्या ओळी गाळल्या हे बघायची सवय आहे. माँटेलच्या शुक्रवारच्या रात्रीत शेजारचे गुंड गोळीबार विसरून नाचायला आले आहेत. मूळ गाण्यातला मुलगा त्या पार्टीत नाही. आमच्या गॅदरिंगमध्येही नव्हता. आम्ही सगळे त्याच्या पाठलागाच्या ठेक्यावर हात वर करून नाचत होतो.

माझ्या मते या गाण्याचा वारसा दोन वाटांनी गेला. एक वाट ठेक्याची, ती डान्स फ्लोअरवर गेली. ‘ला डी डा डी’चंही तेच. स्नूप डॉगने १९९३ मध्ये ते जवळजवळ सगळंच्या सगळं पुन्हा म्हटलं आणि बिगीच्या ‘हिप्नोटाइझ’च्या ध्रुवपदात त्याचीच चाल आहे. दुसरी वाट गोष्टीची, आणि ती मला जास्त लांब गेलेली दिसते. बिगीचंच १९९४चं ‘गिमी द लूट’ घ्या. दोन लुटारू बोलतात, दोघांचे आवाज बिगी एकटाच काढतो, एक भारी, एक पोरसवदा. पहिल्यांदा ऐकताना मी पाहुणा कलाकार कोण ते शोधत बसलो होतो. रिकची युक्ती आहे ती, फक्त आता मामा मधून गेला आहे. गोष्ट सांगणारं कुणी उरलेलं नाही, लुटणारे स्वतःच बोलतायत. तात्पर्यही गेलं.

ब्लॅक स्टार या जोडीने १९९८ मध्ये त्याच नावाचं गाणं केलं. त्यात मोस डेफ मूळ गोष्टीचा सांगाडा तसाच ठेवतो, पण त्याचा वाट चुकलेला मुलगा म्हाताऱ्यांना लुटत नाही, जुन्या गाण्यांचे ठेके लुटतो आणि हिटवर हिट काढत सुटतो. टोमणा कुणाला होता ते तेव्हा सगळ्यांना कळलं. गंमत अशी की हा टोमणासुद्धा दुसऱ्याच्या गाण्यावर उभा आहे. मोस डेफला ते न कळण्याइतका तो भोळा नाही. गाणं चलाख आहे, पण त्यात कुणाची किंकाळी नाही, आणि मला ते दर वेळी जरा कोरडं वाटतं.

त्याच वर्षी आउटकास्टने ‘द आर्ट ऑफ स्टोरीटेलिन’ केलं, त्याच्या रिमिक्समध्ये रिकला बोलावलं, आणि १९९९ मध्ये रिकने आपल्या अल्बमचं नावच ‘द आर्ट ऑफ स्टोरीटेलिंग’ ठेवलं. एमिनेमचं २०००चं ‘स्टॅन’ पत्रांतून उलगडतं. नासने २००१च्या ‘रिवाइंड’मध्ये खुनाची गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे सांगितली. ही गाणी रिकची नक्कल नाहीत. पण रॅपर ‘मी’ सोडून ‘तो’ म्हणू शकतो, तीन-चार मिनिटांत सुरुवात-मध्य-शेवट असलेली गोष्ट बसते, ही मोकळीक त्यांना आधीच मिळालेली होती.

यात मला सगळ्यात जवळचा वारस वाटतो तो केंड्रिक लमारचा २०१२चा ‘द आर्ट ऑफ पीअर प्रेशर’. कॉम्प्टनची चार पोरं गाडीतून फिरतात, एक घर फोडतात, पोलीस मागे लागतात. मुलगा स्वतःच सांगतो की एरवी मी असा नाही, मित्र बरोबर असले की होतो. रिकच्या गोष्टीची पहिलीच ओळ काय होती? एका मुलाला दुसऱ्याने फूस लावली. केंड्रिकने त्या एका ओळीचं सबंध गाणं केलं. त्याची पोरं त्या रात्री सुटतात. पोलिसांची गाडी दुसरीकडे वळते, इतकंच. रिकचा मुलगा मेला आणि हे वाचले यात पोरांच्या चांगलं-वाईट असण्याचा काही संबंध नाही, हे केंड्रिक बोलून दाखवत नाही, पण ऐकताना पोटात गोळा येतो तो त्याचाच.

रिक १९९६ मध्ये सुटला. पण गोष्ट संपली नाही. लंडनमध्ये जन्मलेला, नागरिकत्व ब्रिटिश, शिक्षा झालेली, म्हणजे अमेरिकेच्या कायद्याने हाकलण्याजोगा परदेशी. २००२ मध्ये एका कॅरिबियन क्रूझवर कार्यक्रम करून फ्लोरिडाला परतताना त्याला अडवलं आणि सतरा महिने कोठडीत ठेवलं. अकराव्या वर्षापासून ज्या शहरात राहिला, ज्या शहराची भाषा घडवण्यात त्याचा हात होता, तिथून त्याला तेव्हा मागे सुटलेल्या देशात पाठवायचं चाललं होतं. २००८ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर डेव्हिड पॅटरसन यांनी त्याला माफी दिली. २०१६ मध्ये तो अमेरिकन नागरिक झाला. त्याची एक डोळ्याची पट्टी आता वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाकडे आहे. २०२३ मध्ये ग्रॅमीने जीवनगौरव दिला.

मित्राला मी मराठी मजकूर पाठवला. पैज कोण जिंकलं ते ठरलं नाही. त्याने फक्त विचारलं, ती पोरं शेवटी काय म्हणाली? मी म्हटलं, कुठली पोरं? तो म्हणाला, गोष्ट ऐकणारी. मी परत गाणं लावलं. सुरुवातीला त्यांचे आवाज आहेत, हट्ट आहे, पांघरूण घेतलं का विचारल्यावर हो म्हणणं आहे. शेवटी मामा गुड नाइट म्हणतो. पोरांकडून उत्तर येत नाही. झोपली असतील, किंवा जागी असतील.